ह्यो आमचो बांगडो नाय!

माझे माहेर मालवणचे आणि सासर केळापूर तालुक्यातले. ही दोन नावे एका वाक्यात आली की ऐकणारा माणूस क्षणभर थांबतो आणि मग हळूच विचारतो, "इतक्या लांब?" लांब तर खरेच. केळापूर तालुक्याचे ठाणे पांढरकवड्याला. केळापूर गाव तिथून अगदी जवळ, आणि त्याची ख्याती जगदंबेच्या देवळामुळे. चहूकडे कापूस आणि तूर. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. इथून कोणत्याही दिशेने निघालात तरी पाच-सहाशे किलोमीटर तुडवल्याखेरीज समुद्र दृष्टीस पडायचा नाही. अशा ठिकाणी मी वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवते आहे, आणि या वीस वर्षांत मला समुद्राची आठवण येईनाशी झाली आहे, असे मी स्वत:ला अनेकदा बजावले आहे.

दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली. आठवडा झाला नाही तोच तिने बाजाराची चौकशी केली. इथल्या बाजारात गोड्या पाण्यातले मासे मिळतात, रोहू, कटला, मरळ. पण हल्ली बर्फाच्या पेट्यांतून समुद्राचा मासाही येतो. त्या दिवशी एका पाटीत चक्क बांगडे होते. मला केवढा आनंद झाला! आईला मी जवळजवळ ओढतच तिथे नेले.

"घ्या ना माय, ताजा माल हाये," विक्रेता म्हणाला.

"ताजो? बरफात किती दिस निजललो आसा तो!" आई म्हणाली. मग तिने एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला, पोटावरून अंगठा फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि पाटीत ठेवून दिला. "गो, ह्यो आमचो बांगडो नाय."

"आई, बांगडा तो बांगडा," मी म्हटले. "त्याच्या अंगावर काय मालवणचा शिक्का असतो?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की चाळीस ओलांडलेली, एम. ए. झालेली बाई असूनही मी परकरी पोर होऊन गेले. बांगडे आम्ही घेतलेच. तिरफळे घालून तिने आमटी केली, सर्वांनी बोटे चाटली. आईने मात्र शेवटपर्यंत आपला निकाल बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी ही हकिकत मी आमच्या स्टाफरूममध्ये विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त प्राणिशास्त्राचे आमचे सहकारी. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, नुसता हात लावून मासा कुठला ते सांगता येत नाही, हे खरे. तुमच्या आईंना बहुधा बर्फाचीच चव लागली असेल. पण 'बांगडा तो बांगडा' हे तुमचे वाक्य त्यांच्या वाक्यापेक्षा जास्त चूक आहे."

मराठीच्या माणसाला कोणी त्याचे वाक्य चूक आहे असे म्हटले की काय होते, ते मराठीची माणसेच जाणोत. मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी सुरुवात आपल्या घरच्या माशापासून केली. आपला रुपेरी पापलेट, मालवणात ज्याला सरंगो म्हणतात तो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमाशाचा मान दिला. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत त्याचे शास्त्रीय नाव 'पॅम्पस आर्जेंटियस' असे छापले जात होते. १७८८ सालचे ते नाव. पूर्वेकडच्या समुद्रांतला रुपेरी पापलेट आणि आपला पापलेट एकच, असे सगळे धरून चालले होते. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी जनुके तपासली आणि निघाले भलतेच! भारताच्या किनाऱ्यावरचा हा पापलेट त्या जातीचा नव्हेच. त्याची जात निराळी, 'पॅम्पस कँडिडस'. गंमत अशी की हे नावही नवे नाही. क्युव्हिए नावाच्या फ्रेंच पंडिताने १८२९ मध्येच ते देऊन ठेवले होते. पुढे कोणीतरी दोन्ही एकच ठरवून ते नाव अडगळीत टाकले. ताटात रोज पडणाऱ्या माशाला आपण दुसऱ्याच्याच नावाने हाक मारत होतो.

"पण त्या दोन जाती झाल्या," मी म्हटले. "एकाच जातीच्या माशात 'आमचा' आणि 'बाहेरचा' असे काही असते का?"

"असते," ते म्हणाले. "आणि त्याची सर्वांत जास्त तपासणी झाली आहे ती नॉर्वेमध्ये, कॉड नावाच्या माशावर."

पुढचे आठ-दहा दिवस मधल्या सुटीत आमची कॉडवर शिकवणी चालली. ती मी माझ्या भाषेत सांगते. शास्त्रातली काही चूक राहिली असेल तर ती माझी.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर कॉड दोन प्रकारचा मिळतो. एक किनारी कॉड. समुद्राचे जे अरुंद फाटे डोंगरांत खोल शिरलेले असतात, त्यांत आणि किनाऱ्यालगत तो जन्मभर राहतो. फार लांब जात नाही. दुसरा भर समुद्रातला. तो एरवी उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात असतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस सुमारे हजार किलोमीटर पोहत लोफोटेन बेटांपाशी अंडी घालायला येतो. कोळी त्याला 'स्क्रेई' म्हणतात, म्हणजे भटक्या. हजार वर्षांहून अधिक काळ त्या बेटांवरचे लोक या भटक्याची वाट पाहत आले आहेत. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची कोकणात पाहतात तशीच म्हणा ना!

दोघेही दिसायला जवळपास सारखे. अंडीही पुष्कळदा जवळजवळच्या पाण्यात घालतात. मग ते वेगळे आहेत हे कशावरून? कोळी पूर्वीपासून सांगत होते. पण कोळ्यांच्या सांगण्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हायची! १९३३ साली गुन्नार रोलेफ्सेन नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने माशाच्या कानातले खडे तपासले. आपल्याकडे घोळ किंवा ढोमा चिरताना डोक्यातून पांढरे खडे निघतात, तेच हे. झाडाच्या खोडाप्रमाणे या खड्यावरही वर्षावर्षाची वर्तुळे उमटतात. रोलेफ्सेनला आढळले की आतल्या पहिल्या दोन वर्तुळांचा आकार आणि त्यांतले अंतर किनारी माशात एका तऱ्हेचे असते, भटक्यात दुसऱ्या तऱ्हेचे. बालपण कुठे गेले ते मासा कानात जपून ठेवतो!

हे ऐकून मी म्हटले, "म्हणजे हा वाढण्यातला फरक झाला. भटक्याचे पिल्लू किनाऱ्यावर वाढवले तर तेही किनारी होईल."

"हीच शंका पुष्कळांना होती," सहकारी म्हणाले. ते खूश झाले होते. वर्गात त्यांना अशा शंका कोणी विचारत नसावे. १९६०च्या दशकात माशांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि रक्तातही फरक दिसला. पुढे जनुके वाचण्याची विद्या आली आणि २०१६ मध्ये चित्र पुष्कळच स्पष्ट झाले. कॉडच्या पेशीत माणसाप्रमाणेच गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. एकेका जोडीला आपण ग्रंथाचा एकेक खंड समजू. या दोन कॉडांचे ग्रंथ बहुतांशी सारखे आहेत. पण काही ठरावीक खंडांत मोठा फरक आहे. पहिल्या खंडात सुमारे पावणेदोन कोटी अक्षरांचा एक भाग आहे, त्यातले दोन लागून असलेले तुकडे भटक्या माशात बहुधा उलटे बसलेले असतात आणि किनारी माशात सुलटे.

'उलटे' म्हणजे काय, ते मला छापखान्यावरून समजले. दिवाळी अंक बांधताना कधी एखादा फर्मा उलटा शिवला जातो. सगळी पाने असतात, पण त्या ठिकाणी क्रम मागून पुढे. आता असे समजा, की प्रत्येक पिढीत आईकडची एक प्रत आणि बापाकडची एक प्रत घेऊन, त्यांची पाने एकमेकींत मिसळून नवी प्रत बांधली जाते. दोन्ही प्रती सुलट असतील तर पान पानाला जुळते. पण एकीतला फर्मा उलटा असेल तर तेवढ्या जागी पाने जुळत नाहीत. मिसळ होत नाही. तो फर्मा जसाच्या तसा, अखंड, पुढच्या पिढीच्या हाती जातो. खोल पाण्यात उतरणे, लांबचा पल्ला पोहणे अशा गोष्टींशी संबंध असलेली जनुके त्या फर्म्यात असावीत असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणून दोघांचे अधूनमधून लग्न लागले तरी भटक्याचे भटकेपण आणि किनाऱ्याचे किनारीपण विरघळून जात नाही.

मला ही कल्पना फार आवडली. समुद्रात भिंत नाही, कुंपण नाही, वेशीवर जकातनाका नाही. तरीही दोन घराणी आपापला वारसा सांभाळून आहेत, आणि तो सांभाळला जातो एका उलट्या शिवलेल्या फर्म्यामुळे!

"आवडली ना? आता न आवडणारे ऐका," सहकारी म्हणाले आणि त्यांनी मला अटलांटिकच्या पलीकडे नेले.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाभोवती कॉड इतका होता, की शतकानुशतके युरोपातली गलबते त्याच्यासाठी समुद्र ओलांडून येत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे प्रचंड ट्रॉलर आले आणि भर समुद्रातला मासा उपसू लागले. १९८०च्या दशकात छोट्या होड्यांचे कोळी ओरडून सांगत होते, की किनाऱ्याला येणारा मासा कमी होतो आहे, लहान होतो आहे. सरकारी हिशेब बाहेरच्या समुद्रातल्या पाहणीवर आणि ट्रॉलरांच्या पकडीवर बेतलेला. त्या हिशेबात सगळा कॉड एकाच खात्यावर जमा होता, आणि खात्यावर शिल्लक पुष्कळ दिसत होती. जुलै १९९२ मध्ये ती शिल्लक खोटी निघाली. सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी औपचारिकपणे उठली ती २०२४ मध्ये! सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली.

बंदीनंतर, १९९६ मध्ये, तिथल्या संशोधकांनी एक छान तपासणी केली. ट्रिनिटी उपसागरात काही कॉड हिवाळाभर किनाऱ्याशीच राहतात. तिथले पाणी गोठणबिंदूच्याही खाली जाते. म्हणून त्यांच्या रक्तात बर्फ होऊ न देणारे द्रव्य जास्त तयार होते. बाहेरच्या खोल, थोड्या उबदार पाण्यात हिवाळा काढणाऱ्यांच्या रक्तात ते कमी. रक्तावरून कोणी हिवाळा कुठे काढला ते ओळखले, मग जनुके ताडून पाहिली. आतले आणि बाहेरचे, दोन निराळे समूह निघाले. ज्याला सरकार एक खाते समजत होते ती निदान दोन घरे होती.

पुढे तर आणखीच विचित्र घडले. बाहेरचा समुद्र जवळजवळ रिकामा झाला असताना त्याच उपसागरातल्या स्मिथ साउंड नावाच्या अरुंद फाट्यात कॉडचा मोठा थवा दाटीवाटीने हिवाळा काढताना सापडला. लोकांना वाटले, आता हे बाहेर पसरतील, रिकामी घरे भरतील. कित्येक वर्षे तसे झाले नाही. आतल्यांनी बाहेरच्यांची जागा घेतली नाही.

"कळले?" सहकारी म्हणाले. "समुद्र मोठा आहे, इथला संपला तर तिथला येईल, असे आपण म्हणतो. तिथला येत नाही. तिथला तिथलाच असतो."

नॉर्वेने मात्र या ज्ञानाचा संसारात उपयोग केला आहे. लोफोटेनमध्ये हेनिंग्सवेअर नावाच्या गावाजवळ एक राखीव क्षेत्र आहे. हंगामात तिथल्या माशांचे नमुने घेतात, प्रयोगशाळेत पाठवतात, आणि चोवीस तासांच्या आत भटके किती व किनारी किती ते ठरते. भटक्यांचा वाटा पुरेसा असेल तरच तिथे जाळी टाकायला परवानगी. थोडे असलेल्या किनारी माशांनी पुष्कळ असलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत चिरडून जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

त्या रात्री मी प्रथम वर्षाच्या वह्या तपासायला बसले. हातात लाल पेन. पहिल्याच वहीत 'मले' दिसले. सवयीने पेन पुढे गेले आणि तिथेच थांबले.

मला एक मुलगी आठवली. सात-आठ वर्षांपूर्वीची, केळापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. पहिल्याच महिन्यात कवितेच्या तासाला तिने आपण होऊन हात वर केला होता. उभी राहून म्हणाली, "मॅडम, मले वाट्टे का कवी इथं रागावला नाही, रुसला हाये." इतके नेमके उत्तर मला त्या वर्गात पुन्हा मिळाले नाही. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "'मले' नव्हे, 'मला'. 'वाट्टे का' नव्हे, 'वाटते की'." वर्ग खदखदून हसला. ती खाली बसली. हळूच शेजारणीला म्हणाली, "काऊन हासतेत?" तेही मला ऐकू आले. पुढच्या तीन वर्षांत तिने एकदाही हात वर केला नाही. पेपर मात्र निर्दोष लिहिले, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. 'पाहा, ही मुलगी कशी सुधारली!' असे मी पुढच्या वर्गांना तिचे उदाहरण देत आले.

गेल्या नवरात्रात केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला गेले होते. रांगेत ती भेटली. लग्न झालेले, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, बरोबर म्हातारी आजी. "नमस्कार मॅडम. आपण कशा आहात? आपल्याला पाहून फार आनंद झाला." एकही अक्षर चुकले नाही. आकाशवाणीवर बातम्या लागल्या आहेत असे वाटले. तेवढ्यात लेक रडू लागली. आजीने तिला जवळ घेतले, "ये वो माय, इकडे ये, पानी पे."

"आजी, 'पानी पे' नाही, 'पाणी पी'," ती म्हणाली. "तिला चुकीचे शिकवू नका."

तो आवाज माझा होता. शब्द माझे, सूर माझा, थोडीशी उचललेली भुवईही माझीच. आजी गप्प झाली, जशी ही एके काळी गप्प झाली होती. मी देवीपुढे हात जोडले खरे, पण मागायचे काय ते सुचले नाही.

हे सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांनी शास्त्रज्ञाला शोभेल असा इशारा दिला. "मॅडम, उपमा ताणू नका. बोली रक्तात नसते. वऱ्हाडातले मूल मालवणात वाढले तर मालवणी बोलेल. माशाचे तसे नाही." मी मान्य केले. पण घरी जाताना वाटले, याने माझा अपराध हलका होतो की जड? माशाजवळ तो उलटा शिवलेला फर्मा तरी आहे; कितीही मिसळला तरी त्याचे किनारीपण आपोआप पुढच्या पिढीला मिळते. बोलीजवळ तसले काही नाही. तिला फक्त एक तोंड आणि एक कान, एवढाच आधार. आजी गप्प झाली की संपले. आणि ती जागा भरायला बाहेरून कोणी येत नाही. प्रमाण मराठी कितीही फोफावली तरी तिच्यातून 'ये वो माय' परत उगवायचे नाही. 'रागावला नाही, रुसला हाये' यातला तो ठसकाही उगवायचा नाही. मराठी बोलणारे इतके कोटी, असा आकडा आम्ही अभिमानाने सांगतो. तोही एकाच खात्यावर जमा केलेला हिशेब! त्यातले कोणते घर रिकामे होते आहे ते आकड्यावरून कळत नाही.

परीक्षेत प्रमाण भाषा यावी, याबद्दल माझे आजही दुमत नाही. नोकरीच्या अर्जावर 'मले नोकरी पाह्यजे' लिहून चालायचे नाही, हे विद्यार्थ्यांना कोणीतरी सांगायलाच हवे, आणि ते माझे काम आहे. पण लाल पेनाने आता मी 'मले' खोडत नाही. त्याच्याभोवती गोल करते आणि समासात लिहिते, "घरी असेच बोला, इथे 'मला' लिहा." मोठी क्रांती नव्हे ही. एका फाट्यापुरती जाळी थोडी उचलून धरली आहे, इतकेच.

आई मागच्या वर्षी मालवणला परत गेली. तिला इथला उन्हाळा सोसेना. दर रविवारी फोन होतो. ती मालवणीत विचारते, मी पुस्तकी मराठीत उत्तर देते; वीस वर्षे हेच चालले आहे, आणि बाजारात "आई, बांगडा तो बांगडा" म्हणणारीही मीच होते, हे माझ्या तोवर ध्यानातच आले नव्हते. परवाच्या रविवारी मी धीर केला. म्हटले, "आये, तुका बरा आसा मां? जेवलंस काय? आज खयचो मासो हाडलो?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला.

"गो चेडवा," ती म्हणाली, "तुझी मालवणी म्हणजे बरफातलो बांगडो!"

मी ओशाळले. फोन ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात तिचाच आवाज आला, आता हसू ओसरलेला.

"असांदे. बोल तू. मी आयकतंय."